मागच्या खुर्चीपर्यंत

मंगळवार, ९ तारीख
सकाळी, दुकान उघडायच्या आधी

प्रिय आत्या,

तुझं पत्र शनिवारी पोचलं. गुडघ्याची सूज उतरली हे वाचून बरं वाटलं. मी ठीक आहे. जेवण वेळेवर होतं, झोपही लागते.

आधी एक दुरुस्ती. मागच्या पत्रात दुसऱ्या पानावर मी लिहिलं होतं की प्रयोगात सिस्टर वाक्य विसरल्या, मी विंगेतून दोनदा शब्द दिला, पण त्यांना ऐकू गेला नाही. ते चूक आहे. पत्र तुझ्याजवळ असेल तर ती ओळ एका रेघेनं खोड आणि बाजूला लिही : शब्द दिला नाही, एकदाही नाही. रबर वापरू नकोस. चूक खोडली तरी खालचं वाचता आलं पाहिजे, हे तूच शिकवलंस.

आता क्रमानं लिहिते, नाहीतर पुन्हा काहीतरी गाळीन.

मी मंडळात कशी गेले ते तुला अर्धंच ठाऊक आहे. दुकानात मी मागच्या खोलीत चष्म्याच्या काचा घासून फ्रेममध्ये बसवते. दोन वर्षांपूर्वी एक बाई काउंटरवरून दुसऱ्याच कुणाचा चष्मा उचलून निघाल्या. मी पडद्याआडून बघत होते. "अहो बाई, थांबा," एवढंच म्हणायचं होतं. त्या रस्ता ओलांडून गेल्या, चार दिवस डोकं धरून बसल्या आणि मग भांडायला आल्या. दुकानाचे काका माझ्यावर ओरडले नाहीत. म्हणाले, "पोरी, तू नाटकात जा. नाहीतर तुझ्या गळ्यात घंटा बांधावी लागेल मला."

मंडळ हौशी आहे. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये दर गुरुवारी आणि शनिवारी जमतं. नाटक बसवणारे दिवसा लोकांना गाडी चालवायला शिकवतात, म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणतात. तालीमही ते तशीच घेतात. आधी आरसा बघ, मग वळ. घाबरलीस तर पाय ब्रेकवर, पण डोळे मिटायचे नाहीत. नव्या माणसाला ते पहिल्यांदा भूमिका देत नाहीत. रंगमंचावर उभं राहून सकाळपासून काय केलं ते साध्या शब्दांत सांगायचं. हॉलच्या अगदी मागच्या खुर्चीवर एकजण बसतो. ऐकू आलं तर तो हात वर करतो, नाही आलं तर नाही.

माझ्या वेळी त्या खुर्चीवर कायम सिस्टर असायच्या. चाळीस वर्षं नर्स होत्या, आता निवृत्त, दोन खोल्यांत एकट्या राहतात. निवृत्त झाल्या तरी छातीवर उलटं टाचलेलं नर्सचं घड्याळ सुटलेलं नाही. तीन महिने त्यांचा हात वर गेला नाही. बाकीचे म्हणायचे, करा की एकदा, पोरगी रडेल. त्या म्हणायच्या, "मी खोटा हात करणार नाही. ताप असेल तेवढाच लिहायची सवय आहे मला." चौथ्या महिन्यात एका गुरुवारी, मी दूध उतू गेल्याचं सांगत होते, तेव्हा हात वर गेला. त्याच आठवड्यात मी तुला आपण होऊन फोन केला होता. तू विचारलंस, कोण बोलतंय?

मग मी काउंटरवर उभी राहू लागले. गिऱ्हाइकाला नाकावर चष्मा टोचतो का ते विचारू लागले. हे सगळं त्या खुर्चीमुळे झालं, हे तुला कधी लिहिलं नाही, कारण ते तुला लागेल असं वाटायचं. अकरा वर्षांची होईपर्यंत मी आणि दादा तुझ्या घडीच्या टेबलावर शिकलो. तुझा नियम होता, खात्री असेल तरच बोल. शाळेत गेल्यावर मुलं खात्री नसतानाही हात वर करताना पाहून मी चक्रावले. तुला दोष देत नाही. हे फक्त खरं आहे म्हणून लिहिलं.

मला प्रॉम्प्टिंग दिलं, म्हणजे अडलेल्या नटाला विंगेतून हळूच शब्द द्यायचं. काम माझ्या स्वभावाचं होतं. वहीवर बोट, तोंड विंगेत, कुणी बघत नाही. पण पहिल्याच महिन्यात घोटाळा केला. सिस्टर नाटकात घरमालकीण होत्या आणि मुद्दाम लांब थांबायच्या. मी विसरल्या समजून शब्द दिला. त्या वळून म्हणाल्या, "अगं, ते थांबणं माझं होतं, विसरणं नव्हतं." सगळे हसले. मीही हसले, पण घरी येऊन दोन दिवस गप्प होते. तेव्हा त्यांनीच खूण ठरवली. खरंच अडल्या तर घड्याळाला बोट लावतील. बोट लागल्याशिवाय मी शब्द द्यायचा नाही. त्यानंतर घोटाळा झाला नाही.

प्रयोगाच्या दिवशी दुसऱ्या अंकात जावई दारात येतो. सिस्टरचं वाक्य होतं, "बसा, चहा टाकते." एवढंच. त्या थांबल्या. मग घड्याळाला बोट लावलं.

माझं बोट त्याच ओळीवर होतं. हॉल भरलेला होता. मला वाटलं, आत्ता बोलले आणि ते थांबणंच असलं तर? त्यांनी दुसऱ्यांदा बोट लावलं. मग शंका उरली नव्हती. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा. मी वहीकडे पाहत राहिले. आवाज फुटत नव्हता असं लिहिणार होते, पण मी फोडून पाहिलाच नाही. किती वेळ गेला माहीत नाही. जावयाचं काम करणाऱ्या सुतारानं दोन पानं ओलांडून पुढचंच वाक्य घेतलं. त्यामुळे जावई रुसला कशावरून हे प्रेक्षकांना शेवटपर्यंत कळलं नाही, तरी टाळ्या पडल्या.

नंतर आत सगळे गोळा झाले. मास्तरांनी विचारलं, "शब्द दिला होतास ना?"

मी म्हटलं, "दोनदा दिला."

आत्या, हे अगदी स्वच्छ आलं. सरळ उभी राहून, मान वर, एकेक अक्षर सुटं. मागच्या खुर्चीला ऐकू गेलं असतं. सिस्टर खुर्चीवर बसून पायांतल्या चपला काढत होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, "मग माझेच कान गेले गं." मी वही मिटून पिशवीत टाकली.

पुढचं असं झालं. मास्तरांनी काळजीनं त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा दुसऱ्या गावाहून आला, कान तपासून घेतले. कान उत्तम निघाले. दोनदा शब्द दिला होता आणि कान तर उत्तम, म्हणजे मग डोक्याचंच काहीतरी, असं त्यानं धरलं. मुलगा वाईट नाही, घाबरलेला आहे. डॉक्टरांनी काही प्रश्न विचारले, आज वार कोणता, शंभरातून सात वजा करत जा. सिस्टर गोंधळल्या. कुणीही गोंधळेल, मीही गोंधळले असते. त्या दिवसापासून मुलगा इथंच राहतोय, घराची किल्ली त्याच्याकडे आहे आणि सिस्टरनी एकटं कुठं जायचं नाही. रविवारी, चौदा तारखेला, तो त्यांना कायमचा आपल्याकडे नेतोय. दोन्ही खोल्या सोडायच्या.

काल त्या दुकानात आल्या. मुलगा बाहेर गाडीत होता. म्हणाल्या, जाण्याआधी डोळेही बघून घेते, एकेक करून सगळंच तपासायचं चाललंय. त्यांनी सगळ्यात खालची ओळसुद्धा वाचली. नंबर बदललेला नव्हता. मी म्हटलं, "बसा, सिस्टर." त्या बसल्या. मी त्यांच्या चष्म्याचा स्क्रू घट्ट करत राहिले, तो आधीच घट्ट होता. त्या म्हणाल्या, "तू वाईट वाटून घेऊ नकोस. तू तुझं काम केलंस." मग मला जवळ बोलावून हळूच म्हणाल्या, "हल्ली गॅस बंद केला का ते मी चार-चारदा बघते. पूर्वी नव्हते बघत. म्हणजे असेलच काहीतरी, नाही का?"

मी चष्मा पुसून दिला.

आता जे मागच्या पत्रात मुद्दाम लिहिलं नाही ते. वीस तारखेच्या दुसऱ्या प्रयोगात घरमालकीण मी आहे. सगळं पाठ आहे म्हणून मास्तरांनी मला उभं केलं. गेल्या चार तालमी मी करते आहे. मला ते आवडतं. शनिवारी "बसा, चहा टाकते" म्हणताना मी थांबले, सिस्टर थांबायच्या तेवढंच, आणि मागच्या खुर्चीवर आता दुसरं कुणी बसतं, त्याचा हात वर गेला. तुला लिहिलं होतं, एक आनंदाची बातमी आहे, प्रयोगाला ये म्हणजे कळेल. ती हीच.

मी हे काम मिळावं म्हणून गप्प राहिले होते का? तेव्हा तसं काही मनात नव्हतं, असं मला वाटतं. पण माझ्या वाटण्यावर मी आता सही करणार नाही. रडू येत नाही. काचा घासते, फ्रेममध्ये बसवते, त्या बरोबर बसतात. दुसऱ्या कुणाचं तरी झालंय आणि मी ते वाचतेय असं वाटत राहतं.

चिठ्ठी लिहून दाराखाली सरकवायचा विचार होता. ती लिहिलीही, चारदा. पण चिठ्ठी मुलाच्या हाती पडेल, तो म्हणेल आईला बरं वाटावं म्हणून कुणीतरी लिहिलंय. तोंडानंच सांगायला हवं, मुलासमोर, आणि डॉक्टरांकडे यायचीही तयारी दाखवायला हवी. मग हॉलवर जाऊन सगळ्यांना. नव्या माणसाला उभं करतात तिथं उभं राहून, त्याच पद्धतीनं : काय केलं ते साध्या शब्दांत. भूमिका मास्तर काढून घेतील. घ्यावी.

सिस्टर दार उघडतील आणि "बस, चहा टाकते" म्हणतील, हे मला माहीत आहे. बसायचं नाही. उभ्यानंच सांगायचं. एकदा बसले की मी चहा पिऊन परत येईन.

हे पत्र मी आत्ता दुकानाकडे जाताना पेटीत टाकते. तुला ते शुक्रवारी मिळेल, म्हणजे तू मला अडवू शकणार नाहीस आणि धीरही देऊ शकणार नाहीस. प्रयोगासाठी काढलेलं तिकीट ठेव किंवा परत कर, तुझ्या मनावर. मी स्टेजवर नसले तरी विंगेत असेन, ठेवलं तर.

सिस्टरच्या घरी साडेपाचला, हॉलवर साडेसहाला. गुरुवार, अकरा तारीख.

तुझी, आणि या वेळी खात्री नसतानाही बोलणारी,
मुंगी