कापसावरची गुलाटी

नांदगाव खंडेश्वर
११ फेब्रुवारी २०१५

जीवनदादा,

मोठ्या भावाले नमस्कार लिहा लागते म्हनून लिहते. तू खुशाल असशीनच, तुले काय धाड भरली! आईचे गुडघे दुखतेत. बाबा वांग्याच्या वाफ्यात हायेत. माहं अक्षर पाहून हासू नको. फोन तू उचलत नाई, म्हनून कागद धरला.

त्या दिवशी अमरावतीले तुह्या क्लासात मी पाहाले आलती का रे? ओढनी कमरेले खोचून पोट्ट्याईच्या रांगेत उभी राह्यली, अन् तू काय म्हनतलं? "हे माही बहीन. ट्रिकिंग कसं असते ते पाहाले आली." सारे पोट्टे हासले. तूबी हासला.

पाहाले! कराटेची लाथ अन् गुलाटी एकाच उडीत जोडाची, हे कोनासंगं शिकला तू? कापसाले भाव नव्हता त्या साली मधली खोली खिडकीलोक कापसानं भरली होती. आपन दोघंच पेटीवरून त्याच्यात उड्या मारू. अंगाले खाज सुटे, आई शिव्या दे. पयले कोलांट्या, मंग उलटी गुलाटी, मंग हवेत गिरकी घेऊन लाथ. गिरकी पयले मले जमली, तुले नाई. हे सांगतलं का तुह्या पोट्ट्याईले?

अन् शिकलो तेबी कसं! कापसात कमरेलोक रुतलं तरी लागत नाई, म्हनून खाली येताना गुडघे मोडाची सवय लागलीच नाई. वरून दर खेपेले माह्या पाठीशी तुहा हात. "हाय मी, मार!"

अमरावतीवरून आली ते रागातच. कापूस तं कवाच इकला. आंगनातल्या कडक जमिनीवर एकटीच उडाली. उडाली चांगली, बाप्पा! पन तुहा आवाज आला नाई, म्हनून हवेतच मान वळोली. तिथंच चुकलं.

उजव्या हाताले पलस्तर हाये. हे डाव्या हातानं लिहून राह्यली. बाबाले सांगतलं, ओट्यावरून पडली. शेजारच्या हाजराबी चाचीनं पाह्यलं होतं. ते म्हने, "बेटी, खाली टाकाले जुनी गादी घेऊन जाय." मी नाई म्हनतलं. त्या दिवशी लय रडली मी. हाताचं दुखनं सोसलं असतं रे. तुह्या हाताची सवय लागली, याचा संताप आला.

पलस्तर निघालं का याच आंगनात उडनार हाये, गुडघे मोडून. तुह्या पोट्ट्याईले घेऊन ये. मांगं उभा राहू नको, हात देऊ नको. समोर बस.

या खेपेले पाहाले तू ये.

तुह्यासंगं शिकलेली,
गीतांजली