तेविसावी खेळी

२ मार्च १९९८
आमच्या सोलनोक गावच्या बुद्धिबळ क्लबात नोकरी लागली! कॉम्प्युटरशी खेळायचं आणि वर पगार घ्यायचा. आई म्हणते, आळशाला देव असाच पावतो. माझ्या सहा वर्षांच्या रोझीला दिवसभर तीच सांभाळणार. क्लबप्रमुख वेन्देलकाकांनी काम सांगितलं: हा प्रोग्रॅम मागच्या डावांतून किती शिकतो ते तपासायचं. हरलेली वाट टाळतो का, जिंकलेली पुन्हा धरतो का. मी म्हटलं, एवढं गाढवालाही कळतं. काका म्हणाले, गाढव निदान लाथ मारून सांगतं.

३ मार्च
सकाळी त्याला सहज लोळवलं. दुपारीही मीच वरचढ होतो. तेविसावी खेळी केली आणि फोन वाजला. आई जिन्यावरून पडली, पाय मोडला. डावाचं घड्याळ चालू ठेवून उठून जाणं आमच्याकडे उद्धटपणा. म्हणून राजा आडवा करून, रीतसर हार मानून धावलो. यंत्राला आमच्या रीतीभाती काय ठाऊक! त्याने आपला विजय नोंदवून टाकला.

५ मार्च
आज त्याने जिंकलेली वाट धरली. शिकलाय पठ्ठ्या, मी गुणही दिले. तेविसाव्या खेळीला फोन. भाऊ आकोशला ट्रकने उडवलं, शुद्धीवर नाही. मी पुन्हा राजा आडवा केला. काका म्हणाले, योगायोग रे, घरी जा.

९ मार्च
काकांना म्हटलं, घरून वाईट बातमी आली की मी हरतो, हे तो शिकलाय; त्याची स्मृती पुसा. ते भडकले: मग तपासायचं काय, माझं टक्कल? मी सुरुवातच वेगळी केली. त्याने फिरवून फिरवून तीच मांडणी आणली. बाविसाव्या खेळीलाच हार मानली. फोन वाजला नाही. सुटलो.

१० मार्च
बाविसाव्या खेळीलाच फोन. आई गेली. लवकर हरलो, तर तो लवकर जिंकायला शिकला. मीच शिकवलं.

११ मार्च
आकोश तरी वाचावा म्हणून गेलो, पहिल्याच खेळीला राजा पाडला. फोन शांत. पण उद्या पहिल्याच खेळीला —

१२ मार्च
गेलोच नाही. काकांचा निरोप आला: न आलेला हरला, क्लबचा नियम, नोंद केलीय. म्हणजे आता त्याला खेळीही लागत नाही — मी समोर असणंही गरजेचं नाही —

१३ मार्च, सकाळ
फोन काढून फेकला. रोझीला शाळेत पाठवलं नाही, मांडीवर घेऊन बसलोय. आत्तापर्यंत बडबड चालली होती. आता गप्प आहे. झोपली असेल. एवढ्या सकाळी — हात गार लागतोय — हाक मारतो — रोझी, बाळा, ऊठ — रो