मानूसोसच्या कबरीत माझी जागा

मी, गारिफालिया वार्दाकी, कै. याकूमिस वार्दाकिस यांची विधवा, वय त्रेसष्ट, राहणार कालोपेत्रा, खान्या जिल्हा, क्रीट बेट, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे, छाती तेवढी नाही. कोणाच्याही दडपणाखाली लिहीत नाही, असे म्हणायची रीत आहे. माझ्या माडीवर जर्मन सार्जंट बुटांसकट झोपतो, तेव्हा या वाक्याचा अर्थ वाचणाऱ्याने आपापल्या परीने लावावा.

नोटरीकडे माझे दुसरे मृत्युपत्र आहे. ते गावासमोर वाचण्यासाठी. त्यात माझा मुलगा मानूसोस मेलेला आहे. खरे मृत्युपत्र हे, आणि यात तो जिवंत आहे. जर्मन बेट सोडून जाईपर्यंत हा कागद चर्चच्या वेदीखाली राहावा. आम्ही जाणती माणसे त्याआधीच संपलो, तर पोराला स्वतःच्या घरात शिरायला एवढाच आधार उरेल.

एकेचाळीसच्या मे महिन्यात आभाळातून छत्र्यांनी शिपाई उतरले. त्यातला एक आमच्या द्राक्षमळ्यात पडला आणि मानूसोसच्या कोयत्याने मेला. उन्हाळ्यात चौकशी सुरू झाली. पळालेल्याचे घर जाळायचे आणि घरातल्यांना भिंतीशी उभे करून गोळ्या घालायच्या, हा त्यांचा नियम. मेलेल्याच्या घरी मात्र ते जात नसत. तेव्हा आमचे पाद्रीबाबा लेफ्तेरिस म्हणाले, "पोराला डोंगरात धाड, आणि इथं पुरून टाक." आम्ही विषमज्वराची हूल उठवली, म्हणजे कोणी जवळ येणार नाही, आणि शवपेटीला खिळे ठोकले. आत आमच्याच बांधाचे दगड होते. मी, मुलगी आंथूसा, पाद्रीबाबा आणि कबर खणणारा स्त्रातिस, एवढ्यांनाच हे ठाऊक. मला रडायचे सोंग करावे लागले नाही. जिवंत पोराच्या नावाने माती लोटताना रडू आपसूक येते.

वर्ष भरले तेव्हा मृताच्या प्रार्थनेला रीतीप्रमाणे उकडलेले गहू वाटावे लागले. जिवंताच्या नावाने ते वाटले तर त्याचे आयुष्य तुटते म्हणतात. मी पाद्रीबाबांचे पाय धरले. ते मोठ्याने मानूसोसचे नाव घेत आणि दाढीतल्या दाढीत माझे. तेव्हा माझे सगळे विधी आगाऊच झालेले आहेत. माझ्यामागे गव्हावर खर्च करू नये.

आमची अक्कल एका ठिकाणी कमी पडली. तीन वर्षांनी कबर उघडून हाडे काढायची, वाइनने धुवायची आणि पेटीत ठेवायची, ही गावाची रीत आम्ही विसरलो नव्हतो. पण जर्मन तीन वर्षे राहतील असे कोणाला वाटले होते? गेल्या सप्टेंबरात मुदत भरली. नंतर ते अथेन्सहून गेले, इराक्लिओनहूनही गेले, आणि बेटावर उरलेले सगळे आमच्या खान्याभोवती येऊन बसले. ते कोंडले गेले आणि त्यांच्याबरोबर आम्ही.

शेजारीण एव्हांथिया दर रविवारी मला चर्चच्या दारात गाठते. "अगं, लेकराला किती दिवस मातीत ठेवशील? मोकळं कर त्याला. मी येते की धुवायला." माती चिकट आहे म्हटले, पाऊस आहे म्हटले, गुडघे धरलेत म्हटले. शेवटी तिनेच उपासाच्या आधीचा मृतांचा शनिवार, १० मार्च, ठरवून टाकला आणि वाइनची सुरईही माझ्याकडे आणून ठेवली. तिचा हेतू चांगला आहे, तेच वाईट आहे. तिचा मुलगा जर्मनांचा दुभाष्या, तो आईचा हात धरून कबरीशी उभा राहणार. दगड निघाले की आंथूसा भिंतीशी जाईल, पाद्रीबाबा आणि स्त्रातिसही.

डॉक्टर म्हणतात, खान्याच्या इस्पितळात चला, छातीतले पाणी काढू, आणखी दोन वर्षे जगाल. मी नको म्हटले. ज्या कबरीत नवे माणूस ठेवले, ती पुन्हा तीन वर्षे उघडत नाहीत.

पाद्रीबाबा रागावले. म्हणाले, "गारिफालिया, देवाला तारीख देऊ नये."

"मी कुठं देतेय, बाबा? मी फक्त औषध घेत नाही."

तर माझी इच्छा अशी. मला मानूसोसच्या कबरीत, वरच्या अंगाला ठेवावे. स्त्रातिसने अर्ध्यापर्यंतच खणावे. एव्हांथिया म्हणेल, आधी खालची हाडे काढा. तेव्हा नोटरीच्या कागदातले वाक्य तिला वाचून दाखवावे: आई मुलाला हलवू देत नाही. मेलेल्या बाईशी वाद घालणे तिलाही जमणार नाही.

घर मानूसोसचे. हातमाग आणि सगळा द्राक्षमळा आंथूसाचा. जिवंत भावासाठी तिने ऐन तरुणपणी काळे कपडे घातले. ती वर्षे मला परत देता येत नाहीत, मळा देता येतो. माझ्यासाठी तिने चाळीस दिवसच काळे घालावे. माझ्या नवऱ्याच्या ज्या खुर्चीवर सार्जंट बसतो ती चुलीत घालावी, पण तो गेल्यावर. एव्हांथियाला तिची सुरई परत द्यावी. जर्मन गेले की तिने ती प्यावी आणि मला चार शिव्या द्याव्यात.

मला मरायची हौस नाही. बदाम फुलले आहेत आणि पोराला एकदा समोर बसवून जेवू घालायचे राहिले आहे.

मानूसोस, तीन वर्षांनी कबर तूच उघड. मला धू. खालचे दगड बांधावर परत लाव, तिथून पावसात माती वाहून जाते. क्रूसावरचे तुझे नाव तुझ्या हाताने खरवड आणि तिथे माझे लिही.

वरील मजकूर माझाच, सही माझीच.
गारिफालिया वार्दाकी

साक्षीदार, ज्यांनी हे वाचून किंवा वाचून घेऊन मग सही-निशाणी केली:
पाद्री लेफ्तेरिस
स्त्रातिस, कबर खणणारा (निशाणी क्रूस)

कालोपेत्रा, २० फेब्रुवारी १९४५

खाली पाद्री लेफ्तेरिसच्या हाताने: गारिफालियाबाई ८ मार्चला, गुरुवारी गेल्या. शुक्रवारी त्यांना मुलाच्या वर ठेवले. शनिवारी एव्हांथिया मुलाला घेऊन आली, दोघांनी मेणबत्ती लावली. कबर उघडली नाही.