खिशातलं खिशात

सोमवार, ५ तारीख
माझं आयुष्य आज सकाळी बदललं. शर्टाची कॉलर इस्त्रीने दाबत होतो, तेवढ्यात समोरच्या औषधाच्या दुकानातली ती थेट आमच्या लॉन्ड्रीत आली. वाटलं, आली! शेवटी आली! तिने काउंटरवर एक करडा कोट ठेवला. म्हणाली, ह्यांचा आहे, आमचं लग्न ठरलंय, शनिवारपर्यंत मिळेल ना?
मी म्हणालो, मिळेल की. दुसरं काय म्हणणार?
वकीलबाईंचा करडा कोट आधीच तिथे पडला होता. दोन्हींना नंबराच्या चिठ्ठ्या टाचल्या. डोळ्यांपुढे धड काही दिसत नव्हतं. वाफेमुळे.
'ह्यांना' मी पाहिलंय. संध्याकाळी तिला न्यायला येतो. टाय लावतो. उन्हाळ्यातसुद्धा.
संकल्प: संतापायचं नाही. मागे संतापाच्या भरात प्राचार्यांच्या टेबलावर राजीनामा आपटला होता. विद्यार्थ्याला राजीनामा देता येत नाही, हे घरी आल्यावर कळलं. यापुढे मनाचं काही ऐकायचं नाही. चांगलं काय, वाईट काय, सगळं फक्त बुद्धीने ठरवायचं.

मंगळवार, ६
धुवायला टाकण्याआधी खिसे तपासणं हे माझं काम. टायच्या (त्या 'ह्यां'चं मी ठेवलेलं नाव) कोटात बाईचं कानातलं निघालं! एकच. हिरव्या खड्याचं.
ती असलं कधी घालत नाही. तिचे कान मला पाठ आहेत.
शांत डोक्याने विचार केला. माणूस बदफैली आहे आणि तिला सांगणं माझं कर्तव्य आहे. निकाल डोळ्याचं पातं लवायच्या आत लागला. कारणं शोधायला मात्र दुपार गेली. पण सापडली ती भक्कम. कोट नीट न्याहाळला: कंबरेत नको तेवढा आवळलेला, खांदे अरुंद. मनही तसंच असणार. बटणंसुद्धा उलट्या बाजूला. फॅशन! अशा माणसाचा काय भरवसा?
मामा (लॉन्ड्रीचा मालक, आईचा सख्खा भाऊ) म्हणाला, खिशातलं खिशात. पाकिटात घाल, कोटाला टाच आणि गप्प बस. आपण कपडे धुतो, माणसं नाही.
नीतिशास्त्राचा गंध नाही मामाला.

बुधवार, ७
स्वतःची कसून उलटतपासणी घेतली. यात माझा स्वार्थ आहे का? मुळीच नाही. तिच्या जागी दुसरी कुणी असती, तरी सांगितलं असतं का? समजा, बँकेतल्या त्या खेकसणाऱ्या कॅशियरबाई असत्या तर? हा प्रश्न वेळेअभावी सोडून दिला.
मामीला आडवळणाने विचारलं. समजा, एका माणसाला दुसऱ्या माणसाबद्दल असं असं कळलं, तर पहिल्याचं कर्तव्य काय? मामी भांडी विसळता विसळता म्हणाली, कोण आहे रे ती?
शुद्ध विचार लोकांना झेपत नाही.
संध्याकाळी सांगायला गेलो. दुकानात गिऱ्हाइकं होती. खोकल्याचं औषध घेऊन परत आलो.

गुरुवार, ८
दुपारी दुकान रिकामं होतं. सांगितलं.
तिने विचारलं, नक्की? मी म्हणालो, तर्काने सिद्ध आहे. ती हातातली गोळ्यांची पट्टी नुसती उलटसुलट करत राहिली. मग स्टुलावर बसली. म्हणाली, बरं, जा तू आता.
जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. पोटात मात्र हा मोठा खड्डा. जेवण जाईना. खोकला नसताना खोकल्याचं औषध घेतलं, त्याचाच परिणाम.

शुक्रवार, ९
वकीलबाई आल्या. मामाने कोट पुढे केला. त्यांनी बाहीत हात घातला आणि म्हणाल्या, अहो, यात माझ्यासारख्या दोघी मावतील! आणि माझं कानातलं कुठाय? फोन आला की काढून खिशात टाकते मी. हिरव्या खड्याचं.
मामाने दोन्ही कोट शेजारी शेजारी टांगले. चिठ्ठ्या पाहिल्या. मग मला म्हणाला, बायकांच्या कोटाला बटणं कुठल्या बाजूला असतात रे, पंडित?
उत्तर येत होतं. मंगळवारी मीच वहीत लिहून ठेवलं होतं.
समोर पाहिलं. औषधाच्या दुकानाचं शटर पूर्ण खाली. म्हणजे घरी रडत असणार. लग्न मोडलं असणार. माझ्यामुळे.
बुद्धी लगेच हजर. आता खरं सांगून काय साधणार? तुटलेलं जुळतं थोडंच? टाय तिला शोभत नव्हताच. सुटली बिचारी. गप्प राहणं हीच खरी दया. एकापेक्षा एक कारणं, एकही खोडता येईना.
पोट मात्र दुखतंच आहे.

शनिवार, १०
सकाळी पोट ऐकेचना. जाऊन सांगून टाकावं म्हणून एप्रन काढला. का सांगायचं? कारण शोधलं. मिळालं नाही. तसाच निघालो.
तर दारात दोघं. ती आणि टाय, एकत्र! टायने आज टाय लावला नव्हता.
ते कानातलं, मी सुरुवात केली, चूक माझी, चिठ्ठ्यांची अदलाबदल माझ्याकडून... ती म्हणाली, ह्यांचा संबंध नव्हता ना? माहीत आहे. गुरुवारीच विचारलं मी. हे म्हणाले, मला काही ठाऊक नाही. मला पटलं.
पुराव्याशिवाय?
म्हणाली, तोंड बघितलं की कळतं रे. तुझंही बघितलं होतं.
मग स्टुलावर कशाला बसलात, विचारलं. म्हणाली, तुझी कीव आली.
आणि कालचं शटर? लग्नासाठी हॉल बघायला गेलो होतो, म्हणाली.
टायने माझा खांदा थोपटला. होतं असं कधी कधी, दोस्ता, म्हणाला. त्यापेक्षा थोबाडीत मारायची होती.
मामाने कोट त्यांच्या हातात दिला आणि त्यांच्यादेखतच मला म्हणाला, सोमवारपासून तू फक्त चादरी बघायच्या. चादरींना खिसे नसतात.
झालं! डोकं सटकलं. राजीनामा देतो, म्हणालो.
मामा म्हणाला, बाळा, भाच्याला राजीनामा देता येत नाही.
पोट आता अगदी बरं आहे. म्हणजे औषधच बाधलं होतं.
तडक बाहेर पडलो. दार असं आपटणार होतो की काच खळकन फुटली पाहिजे. पण ते आपोआप मिटणारं दार. आपल्याच चालीने मिटत राहिलं, आणि तोवर ती तिघं आत काचेमागे मला दिसत राहिली. शेवटी बोटभर फट राहिली आणि अडकलं. नेहमीच अडकतं तिथे.
परत फिरलो. मीच हाताने ओढून हळूच लावलं.