नूरबीचं पाणी

सोलापूर, ४ एप्रिल २०२५

ती. नबीलालभाई यांस धाकट्या नूरबीचा सलाम वि. वि.

फोनवर तुमाला नीट ऐकू येत न्हाय, म्हणून लिहिते. कमरेवर नागीण उठलीया, लई आग होती. डॉक्टरांनी दिवसातून पाचदा घ्यायच्या गोळ्या दिल्या, वर भरपूर पाणी प्या म्हणाले. मला हसूच आलं. बांगड्यांच्या गाड्यावर दिवसभर बसणाऱ्या बाईनं भरपूर पाणी पिऊन जायचं कुटं? आमच्या बाजारात बायकांना सोयच न्हाय. गोळीपुरता घोट घेते. भाभींचे गुडघे कसे हायत? माया असू द्या.

तुमची नूरबी

सोलापूर, १० एप्रिल

ती. मामूंना कौसरचा सलाम.

अम्मी दवाखान्यात आहे. आता धोका टळलाय, आधी हे वाचा आणि मग पुढचं. उलट्या झाल्या, पाठ भरून आली, लघवी जवळजवळ थांबली. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी पडल्यानं नागिणीच्या औषधाचे बारीक खडे होऊन किडनीत अडकले. गोळ्या बंद करून सलाईन लावलं. डायलिसिसची तयारी ठेवली होती, पण काल पिशवीत लघवी उतरली आणि मी वॉर्डात सगळ्यांसमोर रडले. अम्मीला मात्र गाड्याचीच काळजी. दुवा करा.

तुमची कौसर

दुधनी, १२ एप्रिल

चि. नूरबीस अनेक आशीर्वाद.

अगं येडे, नागीण झाल्याचं कळवलंस, तहान मारतीस ते मात्र हसण्यावारी नेलंस व्हय? उद्याच्या गाडीनं येतोय. दवाखान्यातनं सुटलीस की घरी पडून ऱ्हा, गाडा मी बघतो. बांगड्या भरता येत न्हाईत, इकता तर येतील की. तुझी भाभी रडून घेतीया, तिला चार ओळी लिही.

तुझा भाऊ नबीलाल

सोलापूर, ६ मे

ती. नबीलालभाई यांस नूरबीचा सलाम वि. वि.

किडनीचा रिपोर्ट चांगला आला. कालपासून गाड्यावर बसते. तुमी चार दिवसांत लहान मापाच्या बांगड्या मोठ्या हातांना खपवल्या, त्या बदलून देतीया! पण खरी गोष्ट तुमी लपवलीत. ती शेजारच्या फुलवाल्या शांतम्मानं सांगितली. तुमी समोरच्या रेवणसिद्ध कापडवाल्यांकडे गेलात आणि भर गिऱ्हाइकात म्हणालात की, माझी भण लघवीला जायला जागा न्हाय म्हणून पाणी पीत नव्हती, त्यात मरता मरता वाचली. मग त्यांच्या आईनं उठून मागच्या संडासाची किल्ली शांतम्माच्या हातात दिली, बाजारातल्या सगळ्या बायकांसाठी.

भाई, इतकी वर्सं समोर बसून मला ते मागायची लाज वाटली. किल्ली आता माझ्या गाड्यावर असते. आज मेथीवाली नवी पोर ती मागायला आली, मान खाली घालून. मी म्हणाले, मान वर कर. आणि आधी तिला तांब्याभर पाणी पाजलं.

भाभींना सलाम. धाकटीवरचा राग असाच राहू द्या, त्यात लई गारवा हाय.

तुमची नूरबी