भिंतीकडची जागा

प्रिय धाकट्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून ते न फोडताच बाजूला ठेवशील, हे मला ठाऊक आहे. तरी फोड. फोन उचलत नाहीस, मग दुसरं काय करू? रागावून वाच, पण वाच. तुझ्या बायकोनं तुझ्या नकळत कळवलं की नव्या हॉस्पिटलात येत्या सोमवारी ऑपरेशन ठरलंय आणि किडनी तीच देतेय. ऐकलं आणि शिलाई मशीन बंद करून बसून राहिले. युनिफॉर्मच्या बाह्या अर्ध्याच राहिल्या, सुपरवायझर ओरडला, ओरडू दे. किती बरं वाटलं म्हणून सांगू! आणि खोटं कशाला बोलू, जरा जळलेही. तिथे मी असायला हवी होते रे.

तुझ्या सासरी काय बोलतात ते माझ्या कानावर आलंय. आधी किडनी द्यायला मोठ्या तोंडानं हो म्हणाली आणि ऐन वेळी बहिणीनं काढता पाय घेतला, म्हणे. तूही तेच धरून बसलास. पहिल्या हॉस्पिटलनं तुला एवढंच सांगितलं की बहिणीची किडनी घेता येणार नाही. कारण ते सांगत नाहीत, देणाऱ्याची गोष्ट देणाऱ्यापाशीच ठेवायची अशी त्यांची पद्धत आहे. मला विचारलं होतं, भावाला सांगू का म्हणून. मी नको म्हटलं.

सुरुवातीच्या तपासण्या सगळ्या छान झाल्या होत्या. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुमच्या किडन्या तुमच्या वयाला शोभत नाहीत. मी लगेच म्हटलं, तोंड सोडलं तर बाकी सगळी तरुणच आहे मी. हसल्या बिचाऱ्या. मग लहानपणी कसल्या घरात राहत होता, असं विचारलं. मी सांगितलं, मातीच्या भिंती, भेगा पडलेल्या, वर गवताचं छप्पर. त्यांचं हसू गेलं. वेगळं रक्त घेतलं आणि त्यात शागास नावाचा आजार निघाला. त्या भेगांतले किडे आठवतात? ढेकणासारखे रक्त पिणारे, पण बोटाच्या पेराएवढे? आपण झोपलो की चावायचे, आणि सकाळी आई चप्पल घेऊन त्यांच्या मागे लागायची. त्यांच्यामुळे एक परजीवी अंगात शिरतो आणि वर्षानुवर्षं गप्प बसून राहतो. माझी किडनी तुला दिली असती तर तिच्याबरोबर तोही आला असता. पुढे तो हृदयाला धरतो. माझं हृदय थोडं वाढलंय, औषधं चालू आहेत, त्याची काळजी तू करू नकोस.

हे सांगायचं तर ते घर सांगावं लागलं असतं. आणि तू तर लग्न ठरल्यापासून सगळ्यांना सांगतोस की आपण विटांच्या पक्क्या घरात वाढलो. सासऱ्यांसमोर तसं म्हणालास तेव्हा मी शेजारीच होते, मीही मुंडी हलवली. तुझी लाज मला कळते, मीही त्याच घरातली आहे. म्हटलं, म्हणू देत मला भित्री, आपली अळीमिळी गुपचिळी. पण तूही म्हणालास ना, ते लागलं मला. फार लागलं. कडेवर घेऊन वाढवलंय मी तुला.

तरी गप्पच बसले असते. पण काल तपासणीला गेले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी एक फोटो दाखवला. लहान मूल, एक डोळा टम्म सुजून मिटलेला. हा आजार अंगात शिरताना काहींना असं होतं म्हणे, तुम्हाला झालं होतं का? मला नव्हतं झालं. तुला झालं होतं. मी मावशीकडे राहायला गेले होते, भिंतीकडची माझी झोपायची जागा तू पटकावलीस, आणि मी परत आले तर तुझा उजवा डोळा बंद. किती दिवस तसाच होता, आणि मी मेली तुला चिडवत होते! मी डॉक्टरीणबाईंना लगेच सगळं विचारून घेतलं. अंगानं नवी किडनी नाकारू नये म्हणून ज्या गोळ्या देतात, त्या शरीराची राखण ढिली करतात, आणि आत गप्प बसलेला परजीवी उठतो. आधी कळलं तर त्याला आवरता येतं. नंतर कळलं तर माणूस हातचा जातो. नव्या हॉस्पिटलात तुला लहानपणीच्या घराबद्दल विचारलं असेल, आणि तू काय सांगितलं असशील हे मला कुणी सांगायला नको. म्हणून हे पत्र. डॉक्टरांना एकटं गाठ आणि सांग, मातीच्या घरात वाढलो, डोळा सुजला होता, बहिणीच्या रक्तात शागास निघालाय, माझंही रक्त तपासा. रविवारपर्यंत बोलला नाहीस तर मी तिथे येऊन सगळ्यांदेखत ओरडून सांगेन, मला ओळखतोस तू. मग जन्मभर बोलू नकोस माझ्याशी, भित्री म्हण, काय वाट्टेल ते म्हण. तू तेवढा राहा.

तुझीच,
ताई