कोल्डमूर म्हातारा झालेला नाही

२५ मे, रविवार

आज जेवताना विषय निघाला. (मीच काढला.) सेजलला म्हटलं, तुमच्या आजच्या कॉम्प्युटर गेममध्ये जीव नाही, नुसती चित्रं. आम्ही नव्व्याण्णव साली सुर्ल्याला योगेशच्या घरी 'कोल्डमूर' खेळायचो, तो खरा गेम. सहा जणांची टोळी, कादंबरीएवढा मजकूर, डोकं चालवल्याशिवाय एक पाऊल पुढे नाही. असे गेम म्हातारे होत नाहीत.

सेजल म्हणाली, पप्पा, हे मी पाचवीत असल्यापासून ऐकतेय. एकदा खेळून दाखवा ना.

दाखवणार.

२८ जूनला ती पुण्याला जाते. डिझाईनचं कॉलेज, हॉस्टेल. म्हणजे हातात पाच आठवडे. मी ऑफिसमधून आलो की रोज एक तास ती बाजूला बसणार आणि मी खेळणार, असं ठरलं. (ती 'बघू' म्हणाली. आमच्या घरात बघू म्हणजे हो.) नव्व्याण्णव साली शेवटचा किल्ला तेवढा राहिला होता. योगेशचा कॉम्प्युटर बिघडला, नाहीतर तिथे कैदेत असलेल्या राजाला तेव्हाच सोडवला असता.

रूपाली म्हणाली, हॉस्टेलच्या सामानाची यादी करायचीय. म्हटलं, होईल.

२६ मे

माळ्यावर जुनी सीडी सापडली. लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. सेजलने पाच मिनिटांत नेटवरून तोच गेम उतरवून दिला, नव्या मशीनवर चालेल असा. याचा अर्थ जगात अजून मागणी आहे. मुद्दा पहिला सिद्ध.

२७ मे

सुरुवातीचं संगीत वाजलं आणि अंगावर काटा आला. सेजलला दाखवला. ती म्हणाली, पंखा कमी करू?

अक्षरं मोहरीएवढी दिसतात. लॅपटॉपचा दोष. सेजलचं म्हणणं, तेव्हा तुमचे डोळे अठरा वर्षांचे होते. चष्मा लावून नाक पडद्याला टेकवलं की वाचता येतं. तेव्हा अडचण काही नाही.

नायक तयार करायलाच दोन तास गेले. शक्ती, बुद्धी, चपळाई यांना गुण वाटून द्यायचे असतात. बुद्धीला अठरापैकी सतरा दिले. रूपाली मागून जाता जाता थांबली, वाचलं आणि तशीच आत गेली.

२९ मे

चिलखत. या गेममध्ये चिलखताचा आकडा जितका कमी तितकं चिलखत चांगलं. दहा म्हणजे उघडा माणूस. शून्य म्हणजे उत्तम. उणे म्हणजे त्याहून उत्तम. सेजलने विचारलं, का? मी चाळीस मिनिटं समजावलं. पस्तिसाव्या मिनिटाला लक्षात आलं की मलाही माहीत नाही. पण तिने शेवटपर्यंत ऐकलं. फोनसुद्धा खाली ठेवला होता. (चार्जिंगला होता, असं नंतर कळलं.)

३१ मे, शनिवार

पहिली कामगिरी. खाणावळीच्या तळघरात उंदीर झालेत, ते मारायचे. आठ उंदीर. आमची टोळी सहा जणांची, त्यात एक जादूगार.

मेलो.

परत मेलो. जादूगार एक मंत्र मारतो आणि मग त्याला आठ तास झोप लागते. बाकीचे पाच जण दारात एकमेकांना अडवून उभे राहतात. सेजल म्हणाली, आपल्या पेडण्याच्या बसमध्ये चढल्यासारखे. हसलो नाही. ही त्या काळची वास्तववादी मांडणी आहे.

एकंदरीत सहा वेळा मेलो. सातव्या वेळी सेजल आत गेली.

२ जून

आज अडीच तासांत पाच उंदीर मारले! मग लाइट गेली. लॅपटॉपची बॅटरी गेल्या वर्षीच बसलेली. हे जुने गेम आपोआप सेव्ह होत नाहीत, स्वतः आठवणीने करावं लागतं. माणसाला शिस्त लागते ती अशी.

सेव्ह केलं नव्हतं.

४ जून

ऑफिसात यशवंतबाबनी विचारलं, चेहरा असा का? म्हटलं, तळघरातल्या उंदरांनी हैराण केलंय. ते मनाला लावून घेणारे गृहस्थ. दुपारी घरी जाऊन स्वतःचा उंदराचा पिंजरा घेऊन आले. सुक्या बांगड्याचा तुकडा लाव, म्हणाले. आता त्यांना कोल्डमूर कुठून सांगू? पिंजरा घेऊन घरी आलो.

५ जून

रूपालीने पिंजरा कोठीच्या खोलीत लावला होता. सकाळी त्यात घूस. रूपाली भयंकर खूष. यशवंतबाबना फोन करून आभार मानले.

माझा तळघरातला स्कोअर अजून शून्य.

७ जून, शनिवार

सेजल मोरजीला मैत्रिणीकडे, पूजाकडे गेली. काल तिचं डोकं दुखत होतं. परवा कपडे शिवायला टाकायचे होते. योगायोग एकामागून एक येतात कधी कधी. मनातून तिला गेम आवडतोय, बापासमोर कबूल करत नाही एवढंच.

संकल्प: उद्यापासून पहाटे उठून एकटाच सराव करायचा, म्हणजे संध्याकाळी तिच्यासमोर घसरगुंडी नको.

८ जून

पहाटे उठलो. पोदेर पाव देऊन गेला तरी पहिल्या उंदराशीच. चहात बुडवून तीन उंडे पाव खाल्ले.

१२ जून

उपाय सापडला. तळघर वगळायचं. नदीवर जायचं. तिथे एक होडीवाली आहे. तिचा भाऊ लढाईला गेलाय आणि ती येणाऱ्या प्रत्येकाला विचारते, माझ्या भावाला पाहिलंत का? भाऊ मेलाय हे आपल्याला माहीत असतं. खरं सांगायचं की खोटं, ते आपण ठरवायचं.

मी घाईघाईने 'हो, पाहिला, मजेत आहे' निवडलं. पलीकडे जायचं होतं.

सेजल शेजारून जात होती. थांबली. म्हणाली, पप्पा, तुम्ही असं कसं सांगितलंत तिला? मग शेजारचं लाकडी कदेल ओढून बसली. होडीवाली वल्ही मारता मारता आणखी चार वाक्यं बोलली, भावाला काय आवडतं, त्याच्यासाठी काय शिजवून ठेवणार वगैरे. ती सेजलने मोठ्याने वाचून दाखवली. (मला दिसत नव्हती.) म्हणाली, असं आता कोणी लिहीत नाही हं.

हे वाक्य मी इथे मुद्दाम मोठ्या अक्षरांत लिहिणार होतो. पेन बारीक आहे.

संकल्प: रविवारी योगेशला बोलवायचं. तो आणि मी मिळून कोल्डमूर फत्ते करू. पोरीला बघू दे, तिचा बाप एके काळी काय खेळायचा.

१५ जून, रविवार

योगेश आला. त्याचं मांद्र्याला गेस्टहाऊस, जूनमध्ये रिकामंच असतं. खूप वर्षांनी आमच्याकडे आला. आल्या आल्या मी त्याला लॅपटॉपसमोर बसवलं. माझा नायक बघून म्हणाला, गौरेश, हे कोणी केलं? बुद्धी सतरा आणि शक्ती सात? याला उंदीर खाणार नाहीत तर काय!

सेजलने विचारलं, अंकल, तुम्ही दोघं कसे खेळायचात?

योगेश हसत सुटला. म्हणाला, दोघं? अगे बाय, खेळायचो मी. तुझा पप्पा बाजूच्या कदेलार बसून भुईमुगाच्या शेंगा खायचा आणि सांगायचा, उजवीकडे जा, डावीकडे जा. मी म्हटलं, काहीतरीच. तो म्हणाला, माउस तू एकदाच धरला होतास, आणि अख्खी टोळी नदीत बुडवलीस.

मी म्हटलं, मग शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचलो ते? म्हणाला, किल्ला कुठला? अर्ध्यातच राहिला. म्हटलं, तुझा कॉम्प्युटर बिघडला म्हणून ना? म्हणाला, कॉम्प्युटर दहा वर्षं चालला. मी बारावी नापास झालो म्हणून बाबांनी तो वर्षभर कपाटात घालून कुलूप लावलं. आणि तू फर्स्ट क्लासात पास. आता तूच सांग, खेळत कोण होतं?

रूपाली आत हसताना ऐकू आली. सेजल हसली नाही. तिने विषय बदलला, अंकलना आणखी सोलकढी हवी का विचारलं. ते जास्त लागलं.

१६ जून

योगेशची स्मरणशक्ती कमकुवत झालेली दिसते. गेस्टहाऊसची दगदग.

१७ जून

दिवसभर ऑफिसात माउस हातात धरल्याची एक तरी आठवण शोधत होतो. पडदा आठवतो. सुर्ल्याच्या खाणींची लाल धूळ बसलेला कीबोर्ड आठवतो. योगेशच्या आईने जनेलातून आत दिलेली ताटली आठवते. पडद्यावरचा सगळा गेम आठवतो तो जरा तिरका, बाजूने बघितल्यासारखा.

१८ जून

सेजलच्या हातात माउस दिला. म्हटलं, डोळे दुखतात.

तिने माझा नायक पुसला. नवीन केला, शक्ती सतरा. तळघराच्या अरुंद जिन्यावर सगळ्यात दणकट माणूस उभा केला, म्हणजे उंदीर एकेकच येणार. अकरा मिनिटं. आठ उंदीर.

मी बाजूला बसून सांगत होतो, उजवीकडे जा. उजवीकडे खड्डा होता.

२१ जून, शनिवार

आज तीन तास! दोघं! होडीवालीला या वेळी तिने खरं सांगितलं. होडीवालीने होडी मध्येच थांबवली आणि बराच वेळ नुसतं पाणी दिसत राहिलं.

सेजलचा निकाल: चालणं गोगलगायीचं, सामानाची पिशवी उघडली की डोकं फिरतं, चिलखताचा आकडा मूर्खपणाचा, आणि पप्पा, हा गेम भारी आहे.

म्हणजे मी पहिल्यापासून बरोबर होतो.

हिशोब केला. अजून अख्खी दलदल, दोन शहरं आणि किल्ला बाकी. दिवस सात. रोज तीन तास बसलो तर जमतं.

२४ जून

सेजल रूपालीबरोबर म्हापशाला गेली होती. गादी, बादली, हँगर.

२५ जून

आज पण. उशी राहिली होती.

२६ जून

संध्याकाळी अर्धा तास मिळाला. दलदलीत रस्ता चुकलो. माझ्या सांगण्यामुळे. ती म्हणाली, असू दे पप्पा, नंतर बघू.

बघू म्हणजे हो, हे मी वर लिहिलंच आहे.

२८ जून, शनिवार

म्हापशाहून संध्याकाळची बस. लॅपटॉप तिचाच, कॉलेजला लागणार, तो तिच्या बॅगेत गेला. हे मी पाच आठवडे हिशोबात कसं धरलं नव्हतं कोण जाणे.

बसच्या दारात बोलायला दोन मिनिटं होती. काय बोलायचं ते आदल्या दिवशी नीट ठरवलं होतं. प्रत्यक्षात म्हणालो, दलदल संपली की लोहाराकडे जा, तिथे चिलखत उणे दोनपर्यंत मिळतं. ती म्हणाली, बरं. कंडक्टरने दार लावलं. रूपाली रडत होती. मला म्हणाली, चिलखत?

२ जुलै

ऑफिसमधून आलो. एक तास मोकळा. काय करायचं ते सुचलं नाही.

४ जुलै

यशवंतबाबनी विचारलं, उंदीर संपले का? म्हटलं, संपले. म्हणाले, मग चेहरा असा का?

६ जुलै, रविवार

दुपारी सेजलचा फोन. कोल्डमूर संपवला! आठ दिवसांत. ती आणि तिची रूममेट, आलटून पालटून. म्हणाली, पप्पा, शेवट सांगू की तुम्ही स्वतः खेळणार? म्हटलं, सांग.

राजाला सोडवता येतच नाही म्हणे. किल्ल्यात पोचल्यावर कळतं, तो पहिल्या दिवसापासून मेलेलाच असतो. मग टोळीतला एकेक जण निरोप घेऊन आपापल्या घरी जातो. नायक उरतो एकटा. मग पडदा काळा आणि गेम बनवणाऱ्या लोकांची नावं.

म्हटलं, एवढंच?

म्हणाली, एवढंच. आम्ही दोघी खूप रडलो.

मी विचारलं, चिलखत शेवटी कितीवर नेलंस? म्हणाली, उणे चार. उणे चार! मग लोहाराबद्दल विचारलं, मग दलदलीतल्या रस्त्याबद्दल. पंचवीस मिनिटं बोललो. तिची मेस बंद होत होती, म्हणून ठेवला.

शेवट चांगला आहे. जुना अजिबात वाटत नाही.

रूपाली हात पुसत बाहेर आली. विचारलं, काय म्हणाली? तिथलं जेवण चालतं का तिला? खोकला गेला का?

खोकला होता, हे मला माहीत नव्हतं.

परत फोन लावला. उचलला नाही. मेसमध्ये असेल.